परमुलखातले घर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वरवट बकाल येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून बोलण्याचा मान सहसा वयाने आणि कर्तृत्वाने मोठ्या असलेल्या मंडळींना मिळतो. मजजवळ या दोहोंपैकी काहीच नाही. मी एक वर्ष मेक्सिको देशात शेतकी शिक्षणासाठी राहून आले, एवढ्याच भांडवलावर चिटणीसांनी मला येथे उभे केले आहे. त्यांची इच्छा अशी की, मी तेथे काय शिकले ते समाजबांधवांस सांगावे. मी शिकले ती विद्या खाऱ्या मातीची. तिच्यावर अर्धा तास बोलले तर आपण सौजन्याने ऐकाल, हे मी जाणते; परंतु परत आल्यापासून मला जे विचारले जाते ते मातीविषयी नाही. आपल्यातील काकू, मामी, आत्या, वहिनी यांनी मला फिरून फिरून दोनच प्रश्न केले आहेत. "कोणाच्या घरी राहत होतीस?" आणि "काय खात होतीस?" हे प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाहीत. आपल्या समाजाचा बराचसा इतिहास याच दोन प्रश्नांभोवती फिरलेला आहे. म्हणून आज मी त्यांचीच उत्तरे देणार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. मी फार नवे काही केले असा समज कोणी करून घेऊ नये. परक्याच्या घरी राहून विद्या संपादन करणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आठवड्याचे सात वार सात घरी वाटून घेऊन जेवणारा गरीब विद्यार्थी आपल्या वाडवडिलांच्या पाहण्यातला होता. 'वार लावून जेवणे' हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. मात्र ते वार सर्वांसाठी नव्हते. कोणत्या जातीच्या मुलाचे पान कोणाच्या पंगतीला मांडायचे हे आधीच ठरलेले असे, आणि पुष्कळांचे पान कोठेच मांडले जात नसे. ज्यांना वार मिळाले नाहीत त्यांच्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसवली. आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय चालविले. आपल्या मंडळाची स्थापनाही मुलांना शहरात राहण्याची सोय करावी या गरजेतूनच झाली, हे वडीलधाऱ्यांनी मला सांगितले आहे. मी स्वतः मंडळाच्या शिष्यवृत्तीवर शिकले, हे आज येथे कृतज्ञतेने नमूद करते.

आणि मुलींची गोष्ट म्हणाल, तर आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या तेव्हा त्या तेथील कार्पेंटर बाईंच्या घरी उतरल्या. त्या बाईंना आनंदीबाई मावशी म्हणत. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचे पुण्यास निधन झाले, आणि त्यांच्या अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठविण्यात आल्या. त्या बाईंनी त्या आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवल्या. ज्या घरी मुलगी शिकण्यास राहिली त्या घराने तिला आपल्या पूर्वजांच्या ओळीत जागा दिली. माझे भाग्य त्यांच्याहून पुष्कळ बरे. मी धडधाकट आपणांसमोर उभी आहे.

मी जेथे गेले तेथेही आपला एक माणूस माझ्या पूर्वी शंभर वर्षे जाऊन पोहोचला होता. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. तरुणपणी ते अमेरिकेत गेले, तेथे शेतकीचे शिक्षण घेतले, गदर चळवळीत पडले, इराण, जर्मनी, रशिया असा प्रवास करीत १९२४ साली मेक्सिकोस पोहोचले, आणि चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या आणि गव्हाच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी वाटणारा एक पुरुष रंगविला आहे. त्याचा चेहरा खानखोज्यांचा असे तेथे सांगतात. १९६७ साली नागपुरास त्यांचे देहावसान झाले. २०२२ साली चापिंगो विद्यापीठात त्यांचा पुतळा बसविण्यात आला. वर्ध्याचा माणूस तेथे उभा आहे हे पाहून पहिल्या आठवड्यात माझा निम्मा धीर परत आला.

राहिलेला निम्मा धीर मात्र घरातच मिळाला. चापिंगोपासून काही मैलांवर टेस्कोको नावाचे गाव आहे. तेथे एका कुटुंबात विद्यापीठाच्या ओळखीने माझी राहण्याची सोय झाली. घरी पती-पत्नी, त्यांची दहा वर्षांची मुलगी आणि गृहिणीची म्हातारी आई. यजमान एका शाळेत शिक्षक, आणि बाई घरच्या घरी शिवणकाम करीत. त्यांची नावे मी येथे घेत नाही. त्यांनी माझ्यावर माया केली ती नाव छापून यावे म्हणून नव्हे.

भाषेची तयारी मी पुण्यास करून गेले होते. परंतु पुस्तकातली स्पॅनिश आणि स्वयंपाकघरातली स्पॅनिश यांत आपल्या शाळेतल्या मराठीत आणि आजीच्या वऱ्हाडीत असते तितके अंतर होते. पहिल्या दिवशी बाईंनी न्हाणीघर दाखविले आणि भरभर काही सांगितले. त्यातला 'बाल्दे' हा एकच शब्द मला कळला, कारण त्यांच्या हातात बादली होती. पुढे ध्यानात आले की हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आहे, आणि पोर्तुगीज व स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. 'पगार' हा शब्द तेथे 'पैसे देणे' या अर्थी रोज कानी पडे. 'मेसा' म्हणजे मेज, 'ताबाको' म्हणजे तंबाखू. उलट काही शब्दांनी फसगतही झाली. तेथे आईला 'मामा' म्हणतात. फक्त शेवटच्या अक्षरावर जोर द्यायचा. महिनाभराने मी फोनवर आईला सांगितले, "मामाने आज मला शिरा करून दिला." तिकडे क्षणभर शांतता, आणि मग आईचा घाबरलेला आवाज आला, "अगं, कोणता मामा? तू तर बाईच्या घरी राहतेस म्हणाली होतीस!"

त्यांच्या बोलण्यातली अदब मला फार आवडली. मोठ्यांना 'उस्तेद' आणि जवळच्यांना 'तू', हा आपल्या तुम्ही आणि तू यांच्यासारखाच भेद. घरातल्या मुलीला हाक मारली तर ती 'काय?' न म्हणता 'मान्दे' म्हणे, म्हणजे 'आज्ञा करा'. कोणाला आपला पत्ता सांगताना ते 'माझे घर अमुक ठिकाणी' असे न म्हणता 'तुमचे घर अमुक ठिकाणी आहे' असे सांगतात. आणि 'आओरिता' म्हणजे 'आत्ताच'. तो आत्ता पाच मिनिटांनीही येतो आणि दुसऱ्या दिवशीही येतो. या बाबतीत मला काहीच नवे शिकावे लागले नाही.

आता दुसरा प्रश्न, काय खात होतीस? भगिनींनो, मक्याची भाकरी खात होते. तिला ते 'तोर्तिया' म्हणतात. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजत ठेवतात, सकाळी धुतात, आणि त्याचे पीठ दळून हातावर पातळ भाकरी थापतात. हा चुना उगाच नाही. त्याने दाण्याचे साल सुटते आणि मक्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपीय लोकांनी अमेरिकेतून मका नेला, चुना मात्र तेथेच ठेवला; म्हणून जेथे गरीब लोक केवळ मक्यावर जगू लागले तेथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला. बी नेले आणि ते शिजविण्याची म्हाताऱ्यांची युक्ती नेली नाही, तर काय होते याचे हे उदाहरण आम्हांला वर्गात शिकविले. मला ते त्या घरच्या आजीने आधीच दाखविले होते. त्या आजीजवळ दगडी पाटा होता. तीन पायांचा, पण पाटाच, आणि त्यावर वरवंटा. मी तो हातात धरला तेव्हा ती हसली, कारण कसा धरायचा हे मला शिकवावे लागले नाही.

घोळाची भाजी तेथे होते, माठाची होते. निवडुंगाच्या कोवळ्या पानांचीही होते. तिचे कौतुक मला जरा उशिरा वाटू लागले. पहिल्या एकादशीस मी उपवास आहे असे सांगितले. काय चालते, असे बाईंनी विचारले, तेव्हा मी यादी दिली : राजगिरा, शेंगदाणे, बटाटा, रताळे, साबुदाणा, मिरची. यजमान शिक्षक, ते हसू लागले. म्हणाले, "हे सारे तर आमच्या खंडातले आहे!" आणि ते खरेच होते. राजगिरा मेक्सिकोचा, मिरची मेक्सिकोची. बटाटा, शेंगदाणा आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कंद दक्षिण अमेरिकेचा. कोलंबसापूर्वी यांतले काहीच आपल्या देशात नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी बाजारातून राजगिऱ्याची वडी आणली. तिला ते 'आलेग्रिया' म्हणतात, म्हणजे आनंद. चवीला ती थेट शेगावच्या यात्रेतल्या वडीसारखी. आजीला फोनवर हे सांगितले तेव्हा तिने एकच विचारले, "मंग त्यांची एकादशी कोन्त्या दिशी असते?"

परंतु सर्वच गोड होते असे सांगितले तर मी आपणांशी अप्रामाणिक ठरेन. मी शाकाहारी आहे हे मी पहिल्याच दिवशी सांगितले होते, आणि बाईंनी ते मनापासून मान्य केले होते. दीड महिना मी रोज त्यांच्या हातची घेवड्याची उसळ आवडीने खाल्ली. एके दिवशी सकाळी लवकर स्वयंपाकघरात गेले, तर बाई डब्यातून पांढरी चरबी काढून कढईत घालीत होत्या. ती डुकराची होती. मांस म्हणजे तुकडा, आणि चरबी म्हणजे तेल, अशी त्यांची समजूत; त्यांनी मला फसविले नव्हते. पण मी खोलीत जाऊन दार लावून रडले, आणि त्या दिवशी जेवले नाही. घरी फोन केला नाही. काय सांगणार होते? आजी माळकरी. संध्याकाळी दारावर टकटक झाली. बाई आल्या, माझ्याजवळ बसल्या, आणि मी मोडक्यातोडक्या भाषेत सारे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फडताळावर एक नवी कढई आणि तेलाची नवी बाटली होती. कढईच्या कानाला त्यांनी शिवणाच्या पेटीतला लाल दोरा बांधला होता, म्हणजे घरातले कोणी ती चुकून घेणार नाही. वर्षभर तो दोरा तसाच होता.

येथे कोणी म्हणेल, आणि आपल्यातल्या एका काकांनी तसे म्हटलेही, की त्यांनी पैसे घेतलेच ना? मग त्यात उपकार कसला? पैसे घेतले, हे खरे. दरमहा ठरलेली रक्कम माझ्या शिष्यवृत्तीतून मी त्यांना देत असे, आणि ती देताना मला कमीपणा वाटत नसे. किंबहुना तेवढ्यामुळेच मी मोकळेपणाने राहू शकले. ती रक्कम खोलीची आणि दोन वेळच्या जेवणाची होती. नव्या कढईचा आणि लाल दोऱ्याचा उल्लेख त्या करारात कोठेही नव्हता.

आता मी एका प्रसंगाकडे येते, जो या व्यासपीठावरून सांगावा की न सांगावा याचा मी बरेच दिवस विचार केला. घरातली धाकटी मुलगी शाळेतून आली आणि तिने जेवणाच्या मेजावर मला विचारले, "तुमच्या देशात 'कास्ता' असतात म्हणे?" हा शब्द त्यांचाच आहे. आपण इंग्रजीत जातीला ज्या शब्दाने ओळखतो तो पोर्तुगीज-स्पॅनिश लोकांच्याच तोंडून जगभर गेला. स्पॅनिश अमलात मेक्सिकोतही माणसांच्या 'कास्ता' होत्या. कोणाचा बाप स्पॅनिश, कोणाची आई मूळनिवासी, कोणाची आफ्रिकन, यावरून प्रत्येकाला वेगळे नाव असे, आणि त्या नावांची चित्रे काढून भिंतीवर लावीत असत. स्वातंत्र्यानंतर त्या कायद्यातून गेल्या; मनातून पुरत्या गेल्या असे मी म्हणणार नाही. टेस्कोकोच्या वरच्या डोंगरातल्या गावांत अजून नावात्ल ही जुनी भाषा बोलतात. तेथून तोर्तिया विकायला येणाऱ्या बाईशी आमच्या आळीतले काही लोक ज्या स्वरात बोलत, तो स्वर मला ओळखीचा वाटला.

मी मुलीला म्हटले, "हो, असतात." ती म्हणाली, "मग तुमची कोणती?" मी सांगितले. तिला अर्थातच त्यातून काही कळले नाही. थोडा वेळ जेवून तिने पुन्हा विचारले, "मी तुमच्या घरी राहायला आले तर मला स्वयंपाकघरात येऊ देतील का?"

मी लगेच "हो तर!" म्हटले. परदेशी पाहुणी आली तर आपण सारे तिला पाटावर बसवू, याविषयी मला शंका नव्हती. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तिचा प्रश्न तिच्यापुरता नव्हता असे मला वाटत राहिले. टेस्कोकोची मुलगी आमच्या स्वयंपाकघरात येईल. पण आमच्याच तालुक्यातली, दुसऱ्या जातीची मुलगी शिकण्यासाठी राहायला आली तर?

त्याच सुमारास वाचलेली एक हकीकत सांगते. सतराव्या शतकात एका हिंदी मुलीला चाच्यांनी धरून कोचीनमार्गे मनिलास नेले, तेथून ती मेक्सिकोतील प्वेब्ला शहरी एका श्रीमंत कप्तानाच्या घरी विकली गेली, असे तिचे चरित्रकार सांगतात. तेथे तिचे नाव कातारीना दे सान ह्वान पडले. १६८८ साली ती तेथेच वारली. प्वेब्लाचे लोक अजून तिची आठवण सांगतात. मेक्सिकोतल्या एका घरात राहिलेली ती हिंदी मुलगी दासी म्हणून गेली होती. मला त्या देशात लेक म्हणून ठेवून घेतले. दोन्ही घरांत छप्पर होते आणि अन्न होते. फरक कशात होता, याचा विचार मी पुष्कळ केला.

माझ्या आजीविषयी आता बोलते. आपल्यापैकी बहुतेकांनी तिला पाहिलेले आहे. मी निघाले तेव्हा तिने मला काही दिले नाही, काही सांगितलेही नाही, फक्त विचारले, "तिकडचं पानी गोड हाये काय वं?" पूर्णेच्या खोऱ्यातल्या बाईचा हा पहिला प्रश्न असणारच. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींनी किती पिढ्यांची तोंडे खारट केली, आणि अलीकडे मूत्रपिंडाचा विकार किती घरांत शिरला आहे, हे येथे बसलेल्यांना मी काय सांगावे? माझी आजी त्याच विकाराने गेली. मी तेव्हा टेस्कोकोत होते. तेथले घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागे असते. म्हणून ती आपल्याकडे पहाटे गेली आणि मला ती आदल्या दिवशी संध्याकाळी गेल्याचे कळले. सप्टेंबर महिना होता. मी येऊ शकले नाही. तिकिटाचा खर्च, परीक्षा, आणि आले तरी मुखदर्शन होणार नव्हते.

नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी तेथे पितरांचा सण असतो. आपल्या सर्वपित्री अमावास्येसारखा. मात्र तो ते रडत नाहीत, साजरा करतात. घरात चौरंग मांडतात, त्यावर गेलेल्या माणसांच्या तसबिरी, त्यांच्या आवडीचे पदार्थ, ऊद, मेणबत्त्या, आणि झेंडूच्या फुलांच्या राशी. होय, झेंडूच! दसऱ्याला आपण ज्याचे तोरण बांधतो ते फूल मूळचे तेथलेच. पाकळ्यांची वाट दारापासून चौरंगापर्यंत घालतात, म्हणजे आत्म्याला घर सापडते. बाईंनी मला न विचारता माझ्या फोनमधला आजीचा फोटो मागून घेतला, दुकानातून छापून आणला, चौकट केली, आणि आपल्या वडिलांच्या तसबिरीशेजारी मांडला. मग मला विचारले, "तिला काय आवडे?" मी सांगितले, ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ज्वारीचे पीठ मिळाले नाही. मक्याच्या पिठाची जाड भाकरी मी स्वतः थापली, आणि त्यांच्या आजीने खलात ठेचा कुटला.

चौरंगावर पाण्याचा एक पेला ठेवतात, कारण आत्मे लांबून येतात आणि तहानलेले असतात. आणि शेजारी एका बशीत मीठ ठेवतात. ते शुद्धीसाठी असते. पाण्याचा पेला पाहिला आणि मला बरे वाटले. मीठ पाहिले आणि राहवले नाही. मी म्हटले, "माझ्या आजीपुढे मीठ नको." का, हे मला त्या वेळी सांगता आले नसते. बाईंनी विचारलेही नाही. त्यांनी बशी उचलली आणि चौरंगाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या वडिलांपुढे नेऊन ठेवली, आणि पाण्याचा दुसरा पेला भरून आजीपुढे आणला.

मी शिकले ते थोडक्यात सांगते, कारण त्याचाही याच्याशी संबंध आहे. टेस्कोको हे एका विस्तीर्ण खाऱ्या सरोवराचे नाव होते. पंधराव्या शतकात तेथे नेसावाल्कोयोत्ल नावाचा राजा झाला. १४४९ च्या पुरानंतर त्याच्या सल्ल्याने त्या सरोवरात सुमारे १६ किलोमीटर लांबीचा बांध घातला गेला, म्हणजे पूर्वेचे खारे पाणी पश्चिमेच्या गोड्या पाण्यात मिसळू नये. स्पॅनिश लोकांनी पुढे ते पाणी काढून देण्याचा मार्ग धरला. १६०७ साली सुरू झालेले ते काम पुढच्या शतकांतही चालूच राहिले. सरोवर आटले आणि तळाची खारी जमीन उघडी पडली. उन्हाळ्यात तिची धूळ मेक्सिको शहरावर उडू लागली. १९७१ नंतर तेथे खाऱ्या जमिनीत तग धरणारे गवत लावून, चर खणून, काही भागात पुन्हा पाणी साठवून ती जमीन धरून ठेवली गेली. मध्यंतरी तेथे मोठा विमानतळ बांधायला घेतला, तो २०१८ साली रद्द झाला, आणि २०२२ साली तो प्रदेश संरक्षित करण्यात आला. आपल्या पट्ट्यातही उपाय तेच : निचरा, जिप्सम, पावसाचे पाणी शेततळ्यात अडविणे, आणि खारे बोअरचे पाणी काळ्या जमिनीला न पाजणे. यांतला कोणताही उपाय एका शेतकऱ्याने एकट्याने करण्यासारखा नाही. माझ्या शेताचा चर शेजाऱ्याच्या बांधातून जातो. शेजारी कोणत्या जातीचा आहे हे पाण्याला ठाऊक नसते.

परत आल्यावर मी वडिलांजवळ विषय काढला. आमच्या घरी आजीची खोली रिकामी होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका कोरकू वस्तीतली मुलगी येथे अकरावीस शिकू इच्छित होती, तिला राहायला जागा मिळत नव्हती. वडील एक दिवस विचार करून हो म्हणाले. आई म्हणाली, "ठेवू या." जूनमध्ये ती आली.

आपणांसमोर आज मी खरे तेच बोलणार असे ठरविले आहे, म्हणून हेही सांगते. पहिल्या दिवशी आईने तिच्यासाठी ताट आणि पेला वेगळा काढला आणि धुऊन वेगळ्या फळीवर पालथा घातला. कोणी काही बोलले नाही. ती मुलगीही बोलली नाही. तिला ती फळी लगेच कळली असावी, कारण दुसऱ्या दिवसापासून ती आपले ताट स्वतःच तेथे नेऊन ठेवू लागली. आणि मी, जिच्यासाठी एका परक्या घराने नवी कढई आणली, ती मी चार दिवस हे पाहत गप्प राहिले. माझी कढई माझा नेम पाळला जावा म्हणून वेगळी होती. हिचे ताट कशासाठी वेगळे होते, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. पाचव्या दिवशी मी आईला लाल दोऱ्याची आणि पाण्याच्या पेल्याची गोष्ट सांगितली. ती तिने तोपर्यंत ऐकली नव्हती; आजीचा विषय म्हणून मी टाळला होता. आई बराच वेळ काही बोलली नाही. रात्री भांडी लावताना मी पाहिले, ते ताट आमच्या ताटांत होते. कोणते, हे आता मला ओळखता येत नाही.

माझ्या आईविषयी हे येथे सांगण्याची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. ती तेथे तिसऱ्या रांगेत बसलेली आहे.

बंधु-भगिनींनो, आता माझी विनंती. आपल्या मंडळाचे सभासद अकोला, अमरावती, नागपूर, पुणे अशा शहरांत घरे करून आहेत. पुष्कळांची मुले परगावी आहेत आणि एखादी खोली रिकामी आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी वर्षाकाठी एका विद्यार्थ्यास आपल्या घरी ठेवावे. वाजवी पैसे घ्यावेत; त्यात लाज नाही, आणि विद्यार्थ्यालाही मान राहतो. दुसरी विनंती करताना माझा आवाज थोडा कापतो आहे, तो आपण समजून घ्यावा. हा विद्यार्थी आपल्याच ज्ञातीचा असावा अशी अट मंडळाने घालू नये. मंडळाच्या घटनेत काय आहे हे मला माहीत आहे. मंडळाचा पैसा ज्ञातीच्या मुलांसाठी आहे, तो तसाच राहू द्या. मी मंडळाच्या पैशाविषयी बोलत नाही, आपल्या घरच्या रिकाम्या खोलीविषयी बोलते आहे, आणि ती खोली मंडळाच्या घटनेत येत नाही.

ज्येष्ठांना माझे हे बोलणे अनाठायी वाटले असेल तर त्यांनी मला जरूर सुनवावे. मी त्यांचीच मुलगी आहे. चिटणीसांच्या मेजावर एक वही ठेवली आहे. तीत नाव, गाव, आणि किती विद्यार्थी ठेवता येतील एवढेच लिहायचे आहे. जातीचा रकाना आखलेला नाही. पहिले नाव माझ्या वडिलांचे आहे. जेवणाला जाण्यापूर्वी आपण ती वही एकदा उघडून पाहावी.